वकीलबाईंनी काय काय खोडलं

घरात घटस्फोटाचा विषय निघाला की येणारा प्रत्येक जण आधी ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे ऐकवतो आणि निघताना, चपला घालता घालता, एका वकिलाचा नंबर देऊन जातो. माझ्याकडे असे बरेच नंबर जमले होते. आत्याने दिलेला, बाबांच्या टेकडीवरच्या ग्रुपने दिलेला, सोसायटीच्या सेक्रेटरींनी न मागता दिलेला. शिफारसही सगळ्यांची साधारण एकाच वळणाची. “एकदम कडक आहेत.” “समोरच्याला घाम फोडतात.” “माझ्या मावसभावाच्या बायकोला असं नाचवलं, की विचारू नकोस.” (आपण हे कोणाला सांगतोय याचं भान त्या गृहस्थांना नसावं.) वकील नीट समजावून सांगतो का, फी किती घेतो, फोन उचलतो का, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी मी ज्या वकीलबाईंकडे गेले त्यांचं नाव ऑफिसातल्या मैत्रिणीने दिलं, तेही जरा बिचकतच. “तशा कंटाळवाण्या आहेत गं,” ती म्हणाली. “आपण रडायला गेलो की त्या तारीख विचारतात.”

ते अगदी खरं निघालं. सगळं पार पडून आता बराच काळ लोटलाय. त्या बाईंनी माझ्या वतीने कोर्टात काय काय मांडलं हे विचाराल तर थोडंच सांगता येईल. त्यांनी मला काय काय मांडू दिलं नाही, ते मात्र पुष्कळ आहे, आणि आज मी जी काही धड आहे त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

पहिल्या भेटीला बाबा बरोबर होते. जुन्या इमारतीतलं ऑफिस, भिंतीला टेकून फायलींचे गठ्ठे, प्रत्येकाला लाल फीत, कोपऱ्यात जुनिअर मुलगी टायपिंग करत बसलेली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवातच केली, “त्याचं काय झालं मॅडम, लग्न ठरवतानाच आम्हाला...” बाईंनी हात वर केला नाही की आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? चहा सांगते तुमच्यासाठी. मला आधी यांच्याशी एकटीशी बोलायचंय.” बाबांना हे लागलं. आयुष्यभर माझ्या शाळाप्रवेशापासून गॅसच्या कनेक्शनपर्यंत सगळीकडे माझ्या वतीने तेच बोलले होते. पण गेले बिचारे.

दार लागल्यावर बाईंचा पहिला प्रश्न होता, “मारहाण होते का? कधीही, एकदाही?” दुसरा, “आत्ता राहता तिथे सुरक्षित वाटतं का?” मी दोन्हीला उत्तर दिल्यावर त्यांनी पेन उचललं. पुढे कधीतरी त्यांनी सांगितलं, की या प्रश्नांची खरी उत्तरं आईवडिलांसमोर मिळत नाहीत. मुली आईच्या तोंडाकडे बघतात आणि ‘तसं काही नाही’ म्हणतात. मारहाण असेल तर सगळा क्रमच बदलतो. मग 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, राहत्या घराबाबतचा आदेश हे आधी, आणि घटस्फोटाचं सावकाश. माझ्याकडे तसं नव्हतं. माझ्याकडे होता वर्षानुवर्षांचा अबोला, पैशांची लपवाछपवी, आणि घरात मी नसल्यासारखं माझ्यादेखत चाललेलं सगळ्यांचं बोलणं.

ते सगळं मी एका वहीत लिहून नेलं होतं. वही जवळजवळ भरली होती. बाईंनी ती चाळली, बाजूला ठेवली आणि एका कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारून दिल्या. तारीख, ठिकाण, काय झालं, तेव्हा कोण हजर होतं, कागद किंवा मेसेज आहे का. “एका पानात बसवा,” म्हणाल्या. “लग्न कुठे लागलं, शेवटचं एकत्र कुठे राहिलात, वेगळ्या कधीपासून राहता, हे सगळ्यात वर.” हिंदू विवाह कायद्यात दावा कुठल्या कोर्टात चालणार हे यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर आणि समोरचा माणूस कुठे राहतो यावर ठरतं, आणि बायकोला ती सध्या जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! मला वाटलं, ही बाई माझ्या दुःखाचा तक्ता करायला सांगतेय.

तक्ता करायला बसले तेव्हा मात्र कळलं, की ज्या प्रसंगांनी माझी झोप उडवली होती त्यातल्या निम्म्यांना तारीखच नव्हती. ‘नेहमीच असं करायचा’ हे कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि जे मी विसरून गेले होते, त्याला मात्र पक्के कागद होते. माझ्या पगारखात्यातून गेलेले घरकर्जाचे हप्ते. मुलाच्या शाळेच्या फीच्या पावत्या, सगळ्या माझ्या नावावर. लग्नातल्या दागिन्यांची बिलं, जी आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराखालच्या खणात जपली होती. स्त्रीधन हे बायकोचंच असतं, नवऱ्याकडे किंवा सासरी ठेवलं तरी मालकी तिचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगून ठेवलंय. पण काय आणि किती होतं हे दाखवायला कोणाकडे तरी ती पिशवी असावी लागते.

मी काही दाखल करायच्या आधीच तिकडून नोटीस आली. रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसकट. अशा नोटिशीची भाषा ज्यांनी वाचली नसेल त्यांना ती विनोदी वाटेल. ‘आमचे अशील हे शांत व सुस्वभावी’ असून ‘आपण कोणत्याही संयुक्तिक कारणाशिवाय’ माहेरी निघून गेल्या आहात, तरी नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ‘नांदावयास यावे’. आईने वाचली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघ, बोलावतोय तो तुला.” मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाईंनी ती नोटीस वाचली आणि चष्मा काढला. “हे बोलावणं नाही. हिंदू विवाह कायद्यातल्या कलम 9 चा पाया घातलाय.” मग समजावून सांगितलं. नवऱ्याने किंवा बायकोने एकत्र राहायला यावं असा हुकूम कोर्टाकडे मागता येतो. तसा हुकूम झाला आणि त्यानंतर वर्षभर दोघं एकत्र आलेच नाहीत, तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता येतो. म्हणजे ‘नांदायला ये’ असं सांगणारा कागद पुष्कळदा दाराबाहेर पडायचा सोपा रस्ता असतो. उत्तर दिलं नाही तर ‘नोटीस मिळूनही गप्प बसली’ हे तुमच्याच अंगावर येतं. “आणि नाही गेले तर?” मी विचारलं. “तुरुंगात नाही टाकत कोणी,” बाई म्हणाल्या. “ते दिवस गेले. मालमत्तेवर जप्ती आणता येते, तीही कोणी फारशी आणत नाही.”

ते दिवस नेमके कोणते, हे मी घरी येऊन वाचलं. मुंबईच्या रखमाबाईंवर नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, असाच दावा 1884 साली लावला होता. लग्न अकराव्या वर्षी झालेलं, त्या सासरी कधी नांदायला गेल्याच नव्हत्या. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दादाजीने 2000 रुपये घेऊन प्रकरण मिटवलं आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्या काळी हा दावा इंग्रजांच्या कायद्यातून इकडे आला होता. इंग्लंडने तो 1970 साली मोडीत काढला. आपल्याकडे तो अजून कलम 9 म्हणून नांदतोय. हे वाचल्यावर त्या नोटिशीची भीती निम्मी गेली. एवढ्या मोठ्या बाईच्या रांगेत आपणही उभ्या आहोत, असलं काहीतरी बाळबोध समाधानही वाटलं.

नोटिशीच्या उत्तराचा मसुदा मी लिहून नेला. तिथे पेन्सिल पहिल्यांदा चालली.

मी लिहिलं होतं, की सासूबाई माझ्या माहेरच्या गरिबीवरून टोमणे मारत. खोडलं. नणंदेने बारशाला माझ्या आईचा अपमान केला. खोडलं. नवऱ्याला स्वतःचं असं मतच नाही. हे वाचून बाई हसल्या, आणि खोडलं. त्याच्या धाकट्या भावाच्या फसलेल्या साखरपुड्याची हकिगत तर दोन ओळींत सरळ रेघ मारून उडवली. मी चिडले. म्हटलं, “मॅडम, हे सगळं खरं आहे.” त्या म्हणाल्या, “असेल ना. पण जज हे वाचून काय करणार? तुम्हाला काय हवंय, ते मला एका वाक्यात सांगा. मुलगा तुमच्याजवळ, त्याचा खर्च, तुमचे दागिने आणि कर्जातून सुटका. यात नणंद कुठे बसते?” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि हे कागद राहतात हो. तुमचा मुलगा वीस वर्षांचा झाला की कोर्टातून नक्कल काढू शकतो. आजीबद्दल हे त्याने तुमच्या सहीनिशी वाचावं का?”

माझ्या रागाची बाजू घेणारा वकील मला तेव्हा हवा होता. तो मिळायलाही काही कष्ट पडले नसते. माझ्या एका जुन्या मैत्रिणीला तो मिळाला होता. त्याने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, “ताई, तुम्ही फक्त सह्या करा, त्यांना असा धडा शिकवतो.” मग पोलीस तक्रार, त्यात सासरचे सगळे, परगावी राहणाऱ्या चुलत दिरासकट. मग हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज एका कोर्टात, पोटगी दुसऱ्या, घटस्फोट तिसऱ्या. तिकडूनही मग उलट दावे, अब्रुनुकसानी, मुलीच्या ताब्याचा अर्ज. तिची मुलगी या सगळ्यात बालवाडीतून हायस्कुलात गेली. मैत्रिणीवर खरोखर अन्याय झाला होता, तक्रार करण्यासारखं तिच्याकडे होतंही. पण खऱ्या चार गोष्टींत ऐकीव दहा मिसळल्यावर उलटतपासणीत त्या दहांवरच तिला तासभर उभं केलं, आणि खऱ्या चार मागेच राहिल्या. छळाची तक्रार खरी असेल तर ती जरूर करावी, कोणाच्या भिडेला पडू नये. पण ती तडजोडीत भाव वाढवायला वापरायची चीज आहे असं ज्या वकिलाच्या तोंडून येतं, त्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठावं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

फीचं मी आधी विचारलंच नव्हतं. लाजत होते. बाईंनीच तिसऱ्या मिनिटाला कागद पुढे केला. दाखल करताना एवढे, पुरावा किंवा तडजोडीच्या टप्प्यावर एवढे, निकालाला उरलेले. टायपिंग, नोटरी, झेरॉक्स वेगळं. प्रत्येक रकमेची पावती. “आणि दागिने किंवा पोटगी मिळाली तर त्यातला टक्का कोणी मागितला, तर देऊ नका. बार काउन्सिलच्या नियमात ते बसत नाही.” हे त्यांनी का सांगितलं ते नंतर कळलं. आमच्या नात्यातल्या एकीकडून एकरकमी पोटगीतला दहावा हिस्सा तिच्या वकिलाने मागितला होता, आणि तिने तो दिलाही होता.

महाराष्ट्रात बायकांना अशा दाव्यांत कोर्ट फी भरावी लागत नाही. घटस्फोट, पोटगी, घरातली हिंसा, मालमत्तेचे वाद यांसाठी 1 ऑक्टोबर 1994 पासून ती माफ आहे. हे मला वकिलाशिवाय कोणी सांगितलं नाही. तसंच मोफत वकिलाचं. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मागता येतो, तिला तिची मिळकत विचारत नाहीत. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या मुलीची केस याच वाटेने गेली. मावशींना कोणीतरी सांगितलं होतं, की फुकटचा वकील समोरच्याला सामील होतो. त्यांना घेऊन मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. तिथे मिळालेली तरुण वकील मुलगी तारखेला वेळेवर यायची आणि मावशींना ‘तुम्ही’ म्हणायची. दुसरं मावशींना जास्त अपूर्वाईचं वाटलं. ज्यांच्या माहितीत कोणी अडलेली असेल त्यांनी 15100 हा नंबर लक्षात ठेवावा, देशभर तोच चालतो.

नोटिशीला आमचं उत्तर गेलं, तरी तिकडून कलम 9 चा दावा आलाच. आम्ही त्यात ‘से’, म्हणजे आमचं लेखी म्हणणं, दाखल केला आणि मुलाच्या खर्चासाठी अर्ज दिला. शिवाजीनगरला कोर्टात उभं राहायचं म्हटल्यावर मला वाटलं होतं, आता सिनेमातल्यासारखं दोन वकील समोरासमोर येणार. प्रत्यक्षात 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात, तिथे वकील हा पक्षकाराचा हक्कच नाही. कोर्टाची परवानगी घेऊन तो उभा राहतो. परवानगी सहसा मिळते. पण समुपदेशकाच्या खोलीत त्याला प्रवेश नाही. तिथे नवरा, बायको आणि समुपदेशक, एवढेच.

त्या खोलीची तयारी बाईंनी माझ्याकडून करून घेतली, आणि ती तयारी म्हणजे काय बोलायचं हे नव्हतंच. “तो काही बोलला तरी लगेच उत्तर द्यायचं नाही. त्या समुपदेशक आहेत, पंच नाहीत, त्यांना पटवायला जाऊ नका. तिथलं बोलणं पुराव्यात येत नाही, त्यामुळे घाबरू नका. आणि कशावरही तिथल्या तिथे सही नको. ‘वाचून सांगते’ म्हणा.” मी विचारलं, त्याने परत यायला सांगितलं तर? बाई म्हणाल्या, “मग विचार करा. खरंच करा. तुमचा संसार मोडला तरच माझी फी आहे, असं नाही.” हे वाक्य मला त्या खोलीत फार उपयोगी पडलं. कारण तिथे त्याने परत यायला सांगितलंच नाही. समुपदेशक बाईंनी त्याला सरळ विचारलं, “तुम्हाला या परत यायला हव्यात का?” तो टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत बसला. दावा त्यानेच लावलेला, नांदायला या म्हणून. त्याच्या त्या गप्प बसण्याने माझ्यातली उरलीसुरली धुगधुगी शांत झाली आणि, सांगायला हरकत नाही, मला त्याची पहिल्यांदाच थोडी कीव आली. नोटीस त्याच्या वडिलांनी लिहवून घेतली होती.

दरम्यान मिळकतीचं प्रतिज्ञापत्र भरायचं होतं. 2020 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ठरवून दिलं, की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्जं आणि खर्च ठरावीक नमुन्यात शपथेवर द्यायचे. नमुना चांगलाच लांबलचक आहे. रात्री मुलगा झोपल्यावर मी जेवणाच्या टेबलावर तो पसरून बसायचे. दूध, किराणा, गॅस, वीज, शाळेची व्हॅन, क्लास, दाताचा डॉक्टर, चष्मा, वाढदिवसांची आहेरं. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, लोकांचे ताळेबंद जुळवते, आणि स्वतःचं घर महिन्याला किती खातं हे मला त्या फॉर्मने सांगितलं. मी ‘कपडे’ या रकान्यात थोडा फुगवून आकडा टाकला होता, सगळे टाकतात असं ऐकून. बाईंनी तोही खोडला. “कार्डाचं स्टेटमेंट ते मागवतील. एक आकडा खोटा सापडला की बाकीचे सगळे खोटे ठरतात.” तोच न्याय त्यांनी त्याच्या प्रतिज्ञापत्राला लावला. त्यात एक रिकरिंग खातं गायब होतं. त्याचे हप्ते मात्र बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याच्या पाच तारखेला इमानेइतबारे दिसत होते.

त्या दिवसानंतर तडजोडीची भाषा सुरू झाली.

ही तडजोड कुठे झाली म्हणाल, तर कॅन्टीनमध्ये. दोघांचे वकील एका टेबलावर चहा पीत बसलेले बाबांनी पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. “मिळालेत दोघं. आपल्याला विकलं.” कोर्टात येणाऱ्या प्रत्येक घराला हा धक्का एकदा बसतो. आपण ज्याच्याकडे बघतही नाही, त्याच्या वकिलाला आपला वकील ‘अहो, बिस्किट घ्या’ म्हणतो! पण त्याच टेबलावर मुलाच्या शाळेची फी कोणी भरायची हे मिटलं. आम्ही दोघं समोरासमोर बसून ते महिनोन्‌महिने मिटवू शकलो नव्हतो. वकिलावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागावी, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या त्या तारखेच्या नोंदीत, काय लिहिलंय ते विचारावं, कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नये. पण चहावरून संशय घेऊ नये.

परस्पर संमतीचा अर्ज म्हणजे कलम 13 ब. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग पहिला अर्ज, मग सहा महिने थांबून दुसऱ्यांदा कोर्टासमोर यायचं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं. आम्ही वेगळं राहून बराच काळ झाला होता, समुपदेशन होऊन गेलं होतं, सगळं ठरलंही होतं. आमचे माफ झाले. पण त्या आधी बाईंनी मला एक गोष्ट दोनदा बजावली, की हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. “म्हणून सगळं आधी देऊन बसू नका, आणि त्यांच्याकडूनही सगळं आधी मागू नका.” दागिने पहिल्या अर्जाच्या दिवशी, यादीवर सह्या करून. रकमेचा अर्धा भाग तेव्हा, उरलेला दुसऱ्या वेळी कोर्टात डिमांड ड्राफ्टने.

आणि कर्ज. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही. माझी समजूत अशी, की घर त्याला दिलं म्हणजे कर्जही त्याचंच झालं, कोर्टाच्या कागदात तसं लिहिलं की संपलं. बाईंनी मान हलवली. “बँक तुमच्या घटस्फोटात पक्षकार नाही. त्याने हप्ते थकवले तर फोन तुम्हालाच येणार.” त्याने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचं आणि मला मोकळं केल्याचं बँकेचं पत्र दुसऱ्या तारखेआधी आणायचं, हे कलम त्यांनी घातलं. त्या पत्रासाठी जितका वेळ गेला तितका बाकी कशालाच गेला नाही. माझी मडगावची एक सहकारी हे सगळं ऐकून चकित झाली. गोव्यात लग्नाची नोंदणी करताना वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात, मोडलं तर निम्मी निम्मी. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात असं काही नाही. ‘बायको म्हणून अर्धं घर माझंच’ हे पुष्कळ जणी गृहीत धरून चालतात आणि मग कागदावरची नावं बघून हबकतात.

सगळ्यात जास्त वेळ बाईंनी मुलाच्या कलमांवर घालवला. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. पाच वर्षांच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं कायदा म्हणतो. त्यापुढे मुलाचं हित कशात आहे ते कोर्ट बघतं. ताबा माझ्याकडे, हे ठरलं होतं. मी लिहून नेलं होतं, ‘वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील.’ बाईंनी ‘वाजवी’ला गोल केला. “वाजवी म्हणजे? गणपतीत कुठे? दिवाळीतला पाडवा कोणाकडे, भाऊबीज कोणाकडे? मे महिन्यात किती दिवस? आणायला कोण जाणार, सोडायला कोण येणार? परगावी नेलं तर पत्ता कळवायचा की नाही? तापाने फणफणला असेल तर ती भेट बुडली की पुढे ढकलली?” मला हे क्षुद्र वाटलं. पाडव्याचे तास मोजायचे! पण त्यांनी एकेक प्रश्न विचारून, दोन्हीकडच्या सवयी विचारून, ते पान भरलं. त्याच्या घरी गणपती दीड दिवसाचा, आमच्याकडे पाच दिवसांचा. मग पहिला दीड दिवस तिकडे आणि उरलेले इकडे. इतकं सरळ होतं ते, आणि आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. खाली एक ओळ त्यांनी स्वतःच्या मनाने घातली, की मुलासमोर एकमेकांबद्दल वा एकमेकांच्या घरच्यांबद्दल वाईट बोलणार नाही. “हे कोर्ट कसं बघणार?” मी विचारलं. “नाही बघू शकत,” त्या म्हणाल्या. “पण सही करताना दोघांनी वाचलेलं असेल.”

निकाल लागला तेव्हा बाईंनी हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला जास्तीच्या काढून घ्यायला लावल्या. पासपोर्टला लागते, बँकेला लागते, पुन्हा लग्न करायचं तर लागते. पीएफ आणि विम्यावरचं नामनिर्देशन त्याच आठवड्यात बदलायला लावलं. माझे मूळ कागद यादीप्रमाणे मोजून परत दिले आणि यादीवर माझी सही घेतली. ती भरलेली वहीसुद्धा त्यात होती, यादीत ‘अशिलाची वही, एक’ अशी.

पहिली एकदोन वर्षं ते भेटीचं पान आम्ही अक्षरशः पाळलं. वेळेला पाच मिनिटं इकडे तिकडे झाली की मेसेज यायचे, कलम नंबरसकट. मग हळूहळू मेसेज विरळ झाले. गेल्या गणपतीत मुलाने जाहीर केलं, की बाबांकडे यंदा चुलतभाऊ येणार आहेत, त्यामुळे तो तिकडे चार दिवस राहणार आणि आमच्याकडे विसर्जनाला येणार. त्याच्या बाबांचाही मेसेज आला, ‘तुला चालेल का?’ मला चालणार होतं. तरी सवयीने मी वकीलबाईंना फोन लावला. म्हटलं, मॅडम, असं असं आहे, कन्सेंट टर्म्समध्ये तर दीड दिवस लिहिलंय, काही अर्ज वगैरे करावा लागेल का?

“त्यांना चालतंय, तुम्हाला चालतंय, मुलाला जायचंय,” बाई म्हणाल्या. “मग मला कशाला विचारता? मी तारखेला उभी आहे, ठेवा फोन.”